एकच रेड वाइन, तीन हंगाम: घरी तुलना कशी करावी

नाशिकमध्ये राहूनही आपल्यापैकी बहुतेकांचा वाइनशी संबंध गंगापूर धरणाच्या बाजूच्या एखाद्या वायनरीत रविवारी संध्याकाळी घेतलेल्या चार-पाच घोटांपुरताच असतो. तिथला माहीतगार माणूस ‘यंदाचा हंगाम जरा वेगळा होता’ असे सांगतो, आपण मान डोलावतो आणि घरी परततो. ते वेगळेपण स्वतःच्या जिभेवर तपासायचे असेल, तर एकाच वाइनच्या निरनिराळ्या सालच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखाव्या लागतात. हे काम घरी करता येते आणि त्याला फार खर्चही येत नाही, परंतु ते बेशिस्तीने केले तर हाती भलताच निष्कर्ष लागतो.

माझा पहिला प्रयोग असाच फसला. तीन सालच्या तीन बाटल्या, सहा मित्र आणि एप्रिलमधली एक संध्याकाळ एवढे जमले होते. सर्वांत जुनी बाटली सर्वांत चांगली, असे आमचे एकमताने ठरले. दुसऱ्या दिवशी आवराआवर करताना पत्नीने विचारले, ‘ती एकच बाटली दुपारभर फ्रिजमध्ये का ठेवली होती?’ उरलेल्या दोन बाटल्या ओट्यावर, चौतीस-पस्तीस अंशांच्या उकाड्यात उभ्या होत्या. म्हणजे आदल्या रात्री आम्ही जी शाबासकी दिली, ती फ्रिजच्या थंडाव्याला होती.

सालागणिक पडणारा फरक बारीक असतो. तापमान, साठवण, ग्लासचा आकार, चाखण्याचा क्रम आणि लेबलाचा मनावरचा दबदबा हे सगळे फरक त्याच्यापेक्षा मोठे असतात आणि ते आधी दूर केल्याशिवाय सालाचा फरक दिसत नाही. पुढील सर्व पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत.

आधी जमवायच्या गोष्टी

कागदपत्रांपैकी वयाचा पुरावा देणारे ओळखपत्र आणि मद्यसेवनाचा परवाना जवळ असावा. महाराष्ट्रात हा परवाना एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन असा मिळतो. घरी साठा ठेवायचा असेल, तर परवान्यावरील अटी एकदा शांतपणे वाचाव्यात. प्रत्येक बाटलीचे बिल जपून ठेवावे. खरेदीची तारीख आणि ठिकाण पुढे नोंदीसाठी लागतात आणि बाटली खराब निघाली, तर दुकानदाराशी बोलायलाही बिलच उपयोगी पडते.

साहित्य पुढीलप्रमाणे (सहा जण आणि तीन हंगाम असे गृहीत धरले आहे):

- एकाच वाइनच्या तीन सालच्या बाटल्या, प्रत्येकी ७५० मिलिलिटर
- एकाच आकाराचे अठरा काचेचे ग्लास, तोंडाशी किंचित निमुळते. घरी नसतील तर केटररकडून भाड्याने मिळतात
- बूच काढण्याचा स्क्रू आणि सुती मलमलचा स्वच्छ तुकडा
- द्रव पदार्थात बुडवता येणारा साधा थर्मामीटर
- बर्फ आणि बादली
- मापाचा पेला, ज्यावर २५ आणि ४० मिलिलिटरच्या खुणा आहेत
- बाटल्या झाकण्यासाठी खाकी कागदी पिशव्या, रबरबँड, मार्कर
- पांढरे कोरे कागद, वह्या, पेन्सिली
- पाणी, बिनमसाल्याचा साधा पाव
- प्रत्येकासाठी थुंकण्याचे एक भांडे

शेवटच्या वस्तूवर पाहुणे हसतात. आपल्या आजोबांच्या बैठकीत पिकदाणी असायची, तिच्यात कोणाला काही गैर वाटत नव्हते, एवढे सांगितले की काम होते. पुढे सुचवलेल्या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १९५ मिलिलिटर वाइन येते. मद्यांश साडेतेरा टक्के धरला तर ती सगळी पोटात गेल्यावर सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल शरीरात जाते आणि शेवटच्या ग्लासापर्यंत जीभ व न्यायबुद्धी या दोन्ही सैल पडतात. थुंकले तरी थोडा अंश शोषला जातोच, म्हणून परतीची रिक्षा आधीच ठरवावी आणि गाडीच्या किल्ल्यांना हात लावू नये.

१. लेबलावरचे साल ओळखा

बाटलीवर छापलेले साल म्हणजे द्राक्षे खुडली ते वर्ष, यालाच व्हिंटेज म्हणतात. आपल्याकडे बाटलीवर पॅकिंगची तारीखही छापलेली असते आणि नवखा माणूस तिलाच व्हिंटेज समजतो. मी स्वतः एकदा ‘दोन हंगाम’ म्हणून दोन बाटल्या विकत आणल्या आणि घरी आल्यावर कळले, की हंगाम एकच होता, फक्त भरण्याचे महिने वेगळे होते. स्वस्त वाइनवर अनेकदा साल नसतेच, कारण तीत एकाहून अधिक हंगामांचे मिश्रण चालते. अशी बाटली वाईट असते असे नाही, परंतु या कामासाठी ती निरुपयोगी आहे.

सालाबरोबर आणखी तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: द्राक्षाचा वाण, मद्यांशाची टक्केवारी आणि झाकणाचा प्रकार. नाव तेच ठेवून एखाद्या वर्षी मिश्रणातले वाणांचे प्रमाण बदलले जाते किंवा बुचाच्या जागी फिरकीचे झाकण येते. तसे झाले असेल, तर तुम्हाला जाणवणारा फरक हवामानाचा आहे की वायनरीच्या निर्णयाचा, हे सांगता येणार नाही. मद्यांशात अर्ध्या-एक टक्क्याचा फरक असेल, तर तो मात्र बऱ्याचदा हंगामाचाच धागा असतो, कारण उन्हात अधिक पिकलेल्या द्राक्षात साखर जास्त असते आणि त्याच साखरेचे पुढे अल्कोहोल होते.

२. नाशिकच्या हंगामाचे गणित समजून घ्या

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात रस इथेच आहे. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तीत काड्या तयार होतात. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते आणि घड तिच्यानंतर येतात. वाइनच्या द्राक्षांची खुडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. याचा अर्थ असा, की लेबलावर २०२० छापले असेल, तर त्या वाइनचे निम्मेअधिक भवितव्य २०१९ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ठरलेले असते. ‘२०२० साली पाऊस कसा होता’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही, कारण त्या वर्षीचा मोसमी पाऊस येण्यापूर्वीच द्राक्षे टाकीत पोहोचलेली होती.

२०१९ चेच उदाहरण घेऊ. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरमध्ये, अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे लागोपाठ आली असताना, नाशिक जिल्ह्यात लांबलेल्या अवकाळी पावसाने द्राक्षबागांचे मोठे नुकसान केले. गोडी छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर असा पाऊस झाला की डावणी या बुरशीच्या रोगाचा प्रादुर्भाव होतो, फुलोऱ्यात गळ होते आणि उरलेले घड एकसारखे पिकत नाहीत. उलट २०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाड परिसरात पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. तो गारठा २०१९ च्या हंगामाच्या वाट्याला आला. २६ नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळी पावसाचा आणि गारपिटीचा हिशेब २०२४ च्या बाटल्यांत शोधावा लागेल.

यावरून लगेच ‘२०२० वाईट’ असा शिक्का मारू नये. ज्याने छाटणी उशिरा घेतली, त्याची बाग पावसातून सुटलेली असू शकते आणि दिंडोरीत गारा पडल्या म्हणून इगतपुरीकडे त्या पडल्याच असे होत नाही. हवामानाची ही माहिती चाखण्याआधी फक्त यजमानाने वाचावी आणि बाकीच्यांना नंतर सांगावी. आधी सांगितली, तर सगळ्यांना प्रत्येक घोटात गारा लागतात.

थंड रात्रींचा परिणाम मात्र समजून घेण्याजोगा आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार राहिल्या तर द्राक्षातला आंबटपणा टिकतो आणि सालीतला रंग चांगला भरतो. फेब्रुवारीतच ऊन तापले तर साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो आणि वाइन ताज्या फळापेक्षा मुरांब्याच्या बाजूला झुकते. तुलना करताना शोधायचा मुख्य धागा हाच आहे.

युरोपातील बाटली शेजारी ठेवण्याचा मोह झाला, तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. तिथे खुडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. त्यामुळे २०१९ ची नाशिकची वाइन ही २०१९ च्याच फ्रेंच वाइनपेक्षा सहा ते आठ महिन्यांनी थोरली असते.

३. बाटल्या निवडताना

पहिल्या प्रयोगासाठी तीनच हंगाम घ्यावेत. दोन घेतले तर हे चांगले की ते, एवढाच वाद होतो आणि पाच घेतले तर नवख्याची जीभ तिसऱ्यापाशीच थकते. भारतीय रेड वाइनपैकी बहुतेक वाइन लवकर पिऊन टाकण्यासाठीच केलेल्या असतात. म्हणून ओकच्या पिंपात काही महिने मुरवलेली, ‘रिझर्व’ दर्जाची आणि साल छापलेली बाटली निवडावी. सुलाची दिंडोरी रिझर्व शिराझ किंवा यॉर्कची अरोस या नाशिककरांना सहज मिळण्याजोग्या वाइन आहेत. ग्रोव्हर झांपाची ला रिझर्व्ह ही कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या द्राक्षवाणांच्या मिश्रणाची वाइन जुन्या खेळाडूंपैकी एक आहे, मात्र तिची द्राक्षे कर्नाटकातील नंदी हिल्सची, त्यामुळे वर सांगितलेला नाशिकच्या पावसाचा हिशेब तिला लावू नये.

जुने साल दुकानात सहसा मिळत नाही. वायनरीच्या विक्रीकक्षात विचारून पाहावे, कारण तिथे कधीकधी मागच्या हंगामाच्या बाटल्या शिल्लक असतात. सर्वांत खात्रीचा मार्ग धीराचा आहे: एकच वाइन ठरवून तिच्या दोन बाटल्या दरवर्षी घ्यायच्या आणि साठवायच्या. तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे तीन हंगाम असतात आणि तिन्हींचा इतिहास तुम्हाला ठाऊक असतो.

इतिहास का महत्त्वाचा, हे मला एका दुकानाने शिकवले. काचेच्या दर्शनी कपाटात, दुपारच्या उन्हात उभी असलेली जुनी बाटली मी ‘दुर्मीळ’ म्हणून आनंदाने उचलली. घरी उघडली तेव्हा तिला शिजवलेल्या मनुकांचा वास होता आणि रंग विटकरी झाला होता. बाटली घेण्यापूर्वी ती कुठे ठेवली होती हे पाहावे, बूच तोंडातून वर उचललेले नाही ना ते पाहावे, मानेपाशी ओघळ नाही ना हे बोट फिरवून तपासावे आणि वाइनची पातळी इतर बाटल्यांइतकीच आहे का हेही बघावे.

उन्हाळ्यात वायनरीतून घरी येतानाही हाच धोका असतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बाटल्या ठेवून वाटेत जेवायला थांबू नये.

४. साठवण

वाइनला १२ ते १५ अंश तापमान, अंधार आणि स्थिरता मानवते. नाशिकच्या फ्लॅटमध्ये हे तिन्ही एकत्र मिळणे अवघड असते. वरच्या मजल्यावरील घरातला माळा ही सर्वांत वाईट जागा आहे, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता खाली सोडतो. त्यापेक्षा उत्तरेकडील खोलीतल्या लाकडी कपाटाचा तळ बरा. वर्षभराहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर वाइनसाठीचा छोटा फ्रिज घेणे योग्य. तो परवडत नसेल, तर सरळ घरच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवाव्यात. तिथे वाइन हळू मुरते, पण मे महिन्यातल्या कपाटात होते तशी तिची वाफ निघत नाही.

बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी चालते. तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की तिन्ही बाटल्यांची शेवटची काही वर्षे शक्य तितकी एकसारखी गेलेली असावीत. एक फ्रिजमध्ये आणि दुसरी कपाटात असेल, तर तुम्ही पुन्हा माझ्या पहिल्या संध्याकाळपाशी येऊन पोहोचाल.

५. त्या दिवशीची तयारी

आदल्या दिवशी तिन्ही बाटल्या उभ्या करून ठेवाव्यात. वाइन मुरते तशी रंगद्रव्ये आणि तुरटपणा देणारे टॅनिन एकमेकांशी जोडली जाऊन जड होतात आणि तळाशी गाळ बसतो. बाटली हलली की तो वर येतो आणि चव कडवट, खरखरीत लागते.

खोलीला वास नसावा, ही अट आपल्या घरांत पाळणे फार कठीण. संध्याकाळची उदबत्ती, स्वयंपाकघरातली लसणाची फोडणी, गजरा, अत्तर, कोपऱ्यातला फिनाइलचा दर्प यांपैकी काहीही असले, तरी नाक ते प्रत्येक ग्लासात शोधते. म्हणून मी सकाळी साडेदहा-अकराची वेळ निवडतो. दुपारचे जेवण व्हायचे असते आणि नाक ताजे असते. फक्त त्या दिवशी सकाळी मिसळ खाऊन येऊ नये, अशी पाहुण्यांना स्पष्ट विनंती करावी. तर्रीने तापलेल्या जिभेला पुढचे दोन तास तुरटपणा धड कळत नाही.

तापमान तिन्ही बाटल्यांचे एकसारखे, १६ अंशांच्या जवळ आणावे. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य थंड देशांतल्या खोल्यांसाठी आहे. तीस अंशांवर अल्कोहोलचा झणका बाकी सगळे वास झाकून टाकतो. बर्फ-पाण्याच्या बादलीत तिन्ही बाटल्या एकाच वेळी बुडवाव्यात, दहा-पंधरा मिनिटांनी एकेकीतून थोडी वाइन पेल्यात काढून थर्मामीटरने मोजावे आणि तिन्हींचे आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. गाळ पुन्हा ढवळला जाऊ नये, म्हणून बाटल्या बादलीत उभ्याच ठेवाव्यात.

ग्लास साबणाने धुतले असतील, तर साध्या पाण्याने पुन्हा दोनदा विसळून हवेत सुकवावेत. कपाटातून थेट काढलेल्या ग्लासाला जुन्या लाकडाचा वास असतो, तो हुंगल्यावर लगेच कळतो.

६. बाटल्या झाका आणि मगच पाहुण्यांना बोलवा

लेबल दिसले की मत तयार होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली गेली आणि त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. ती मुले वाइनचेच शिक्षण घेत होती. नुसत्या रंगाने एवढे होत असेल, तर ‘ही सगळ्यात जुनी बरं का’ या यजमानाच्या वाक्याने काय होईल याची कल्पना करावी.

बाटल्या पिशव्यांत घालून मानेशी रबरबँड लावावे आणि पिशव्यांवर १, २, ३ न लिहिता ४१७, २८५, ९३६ असे निरर्थक आकडे लिहावेत. एक नंबर म्हणजे पहिला नंबर, ही शाळेची सवय मनातून जात नाही. बुचे आणि झाकणेही नजरेआड करावीत. शक्य असल्यास पिशव्या घालणारा एक आणि ओतणारा दुसरा असावा, म्हणजे यजमानालाही चाखता येते.

७. पाहणे, हुंगणे, घोट घेणे

प्रत्येकासमोर तीन ग्लास, प्रत्येक ग्लासात ४० मिलिलिटर. तिन्ही एकाच वेळी ओतावेत, कारण हवा लागल्यापासून वाइन बदलू लागते.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग पाहावा. कोवळ्या वाइनची कड जांभळी असते. वयाबरोबर ती माणकासारखी, मग डाळिंबी आणि शेवटी विटकरी होत जाते. मधला भाग सगळ्यांचा गडदच दिसतो, त्यावर वेळ घालवू नये.

मग ग्लास न हलवता एकदा हुंगावे आणि हलवून पुन्हा हुंगावे. परदेशी पुस्तकांतल्या ब्लॅककरंट आणि ब्लॅकबेरीच्या याद्या बाजूला ठेवाव्यात, कारण जे फळ आपण कधी खाल्ले नाही त्याचा वास ओळखल्याचे सोंग करावे लागते. जांभूळ, करवंद, सुके अंजीर, काळ्या मनुका, आमसूल, लवंग, ढोबळी मिरची, तंबाखू, नवी चामड्याची चप्पल, पहिल्या पावसातली माती हे आपले शब्द पुरेसे आहेत. लवंग, व्हॅनिला किंवा ओल्या नारळाची झाक असेल, तर ती बहुधा ओकच्या पिंपातून आलेली असते. ताजे फळ, काळी मिरी आणि हिरव्या मिरचीची झाक द्राक्षाकडून येतात. अंजीर, चामडे आणि तंबाखू वयाकडून. या तीन रकान्यांत वास टाकता आले की हंगामाचा विचार सोपा होतो, कारण हंगाम मुख्यतः मधल्या रकान्यात बोलतो.

शिराझमधल्या मिरीच्या वासाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यामागे रोटंडोन नावाचे संयुग असते, तेच संयुग आपल्या डब्यातल्या काळ्या मिरीतही असते आणि साधारण पाचांतल्या एका माणसाला ते वासाने जाणवतच नाही. थंड हंगामात त्याचे प्रमाण वाढते. तेव्हा ‘मिरी कुठाय?’ असे कोणी म्हणाले, तर त्याला अडाणी ठरवू नये, त्याच्या नाकाची घडणच तशी असू शकते.

घोट लहान घ्यावा, तोंडभर फिरवावा, थोडी हवा आत ओढावी आणि थुंकावे. आंबटपणा लाळ सुटण्यावरून मोजावा: थुंकल्यावर जिभेच्या कडांना किती पाणी सुटते ते पाहावे. तुरटपणा त्याच्या उलट वागतो, हिरड्या आणि गाल कोरडे करतो. आवळा किंवा कच्चे केळे आठवले की तो लगेच ओळखता येतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते म्हणून तोंड कोरडे पडते, आणि प्रत्येक घोटाबरोबर हा परिणाम साचत जातो. तिसरा ग्लास पहिल्यापेक्षा तुरट वाटण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. यासाठी प्रत्येकाने वेगळ्या क्रमाने सुरुवात करावी, दोन ग्लासांमध्ये पाणी आणि पावाचा तुकडा घ्यावा आणि मग उलट क्रमाने पुन्हा चाखावे. शेवटी, थुंकल्यानंतर चव किती सेकंद रेंगाळते, ते मनात मोजावे.

चीज, शेंगदाणे, चिवडा हे सगळे काम संपल्यानंतर बाहेर काढावे. चीज तुरटपणा झाकते, त्यामुळे कच्ची, रागीट वाइनही त्याच्याबरोबर गुणी वाटते. विकणाऱ्याला ते सोयीचे, तुलना करणाऱ्याला नाही.

बाटलीत दोष असेल, तर तो हंगामाच्या खात्यावर मांडू नये. पावसाळ्यात भिजलेल्या रद्दीसारखा, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बूच बाधलेले आहे. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आणि तपकिरी रंग दिसला, तर हवा शिरली आहे. शिजलेल्या फळाचा वास म्हणजे उष्णता. अशी बाटली तुलनेतून काढावी आणि उरलेल्या दोघींवर समाधान मानावे.

८. तीन ग्लासांची परीक्षा

एवढे झाल्यावर सगळ्यांची खात्री पटलेली असते, की फरक स्पष्ट आहेत. ही खात्री तपासण्याची साधी युक्ती आहे आणि ती सहा जणांत फार नेटकी बसते. कोणतेही दोन हंगाम घ्यावेत, त्यांना क आणि ख म्हणावे. प्रत्येकाला तीन ग्लास द्यावेत, त्यांतले दोन सारखे आणि एक निराळा. असे क्रम बरोबर सहाच होतात: ककख, कखक, खकक, कखख, खकख, खखक. प्रत्येकाला एकेक क्रम द्यावा आणि निराळा ग्लास ओळखायला सांगावे. प्रत्येक ग्लासात २५ मिलिलिटर पुरते, म्हणजे दोन्ही बाटल्यांतून प्रत्येकी नऊ वेळा ओतावे लागते. हिशेब बाटलीत बसतो.

नुसत्या अंदाजाने बरोबर ओळखण्याची शक्यता तीनांत एक असते. सहांपैकी दोघे बरोबर आले, तर फरक सापडला असे म्हणता येत नाही. चौघे किंवा अधिक जण नशिबानेही दहांत सुमारे एकदा बरोबर येऊ शकतात. पाच किंवा सहाही बरोबर आले, तर मात्र ते नशिबाने होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते आणि तुम्ही त्या दोन हंगामांत फरक आहे असे निश्चिंतपणे लिहू शकता. आमच्या गटाने पहिल्यांदा ही परीक्षा दिली तेव्हा दोनच जण बरोबर होते. तासभर चाललेली ‘२०१७ ची भारदस्त चाल’ वगैरे चर्चा त्यानंतर कोणी पुन्हा काढली नाही.

परीक्षेत गाळाचा धोका असतो. रंग किंवा गढूळपणा पाहून ग्लास ओळखला जाऊ नये, म्हणून शेवटची वाइन मलमलमधून गाळून घ्यावी आणि खोलीतला उजेड मंद करावा.

९. नोंद

गुण देण्याची घाई करू नये. शंभरांपैकी ८७ आणि ८८ यांतला फरक पहिल्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक ग्लासासाठी आंबटपणा, तुरटपणा, फळ, ओक आणि रेंगाळणारी चव या पाच गोष्टी ‘कमी, मध्यम, जास्त’ अशा लिहाव्यात आणि शेवटी तिन्ही ग्लासांचा आवडीचा क्रम द्यावा. पिशव्या उघडण्यापूर्वी सगळ्यांच्या वह्या बंद झालेल्या असाव्यात. नाहीतर पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या फार वेगाने होतात.

आकडे उघड झाल्यावर मग यजमानाने हवामानाचा कागद बाहेर काढावा आणि प्रत्येक हंगामापुढे छाटणीनंतरचा पाऊस, डिसेंबरचा गारठा आणि फेब्रुवारीचे ऊन लिहावे. अंदाज जुळला तर आनंद आहे, न जुळला तर त्या वायनरीत जाऊन कारण विचारावे. छाटणी कधी घेतली आणि खुडणी कोणत्या आठवड्यात झाली, असा नेमका प्रश्न घेऊन आलेल्या ग्राहकाशी तिथली माणसे मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

१०. उरलेली वाइन

तीन बाटल्यांत मिळून बरीच वाइन उरते. ती लहान बाटल्यांत अगदी तोंडापर्यंत भरून झाकण घट्ट लावावे आणि फ्रिजमध्ये ठेवावी. हवेला जागा नसल्यामुळे ती दोन-तीन दिवस बरी राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्हींचा एकेक घोट पुन्हा घ्यावा. आदल्या दिवशी बंद वाटलेला एखादा हंगाम हवा लागून उलगडलेला असतो आणि गडगडाट करणारा एखादा विझलेला. ही नोंद त्याच पानावर, पण वेगळ्या शाईने लिहावी.

मग प्रत्येक सालच्या ज्या दुसऱ्या बाटल्या शिल्लक आहेत, त्यांच्या मानेला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी: कुठून घेतली, केव्हा घेतली, कुठे ठेवली होती आणि आता पुन्हा केव्हा उघडायची.